मालक रात्री उठून जनावरांची दावी सोडतात

वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

ताई, नमस्कार. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, सीना नदीच्या काठाला. नाव छापू नका. गेल्या सप्टेंबरात ऐन नवरात्राच्या तोंडावर पूर आला, तेव्हा रात्रीच पाणी वस्तीत शिरलं. मालकांनी आधी सासूबाईंना आणि मग दोन्ही लेकरांना शेजाऱ्यांच्या स्लॅबवर पोचवलं. मी पण चढले. ते परत गोठ्याकडं निघाले तर पाणी छातीच्या वर आलेलं. दोन गाया आणि एक कालवड दावणीला होत्या. पहाटेपर्यंत हंबरत होत्या, मग आवाज बंद झाला. पाणी उतरल्यावर तिन्ही दाव्यालाच सापडल्या.

पंचनाम्याला तलाठी आले तर हे म्हणाले, ती जनावरं आमची नव्हतीच. मदत मिळाली नाही. तेव्हापासून त्यांना झोप नाही. पावसाचा आवाज आला की उठून बाहेर जातात. मागच्या महिन्यात वळवाच्या पावसात रात्री जाऊन शेजाऱ्यांच्या बैलांची दावी सोडली. बैल दुसऱ्याच्या कडवळात शिरले, मोठं भांडण झालं. नदीकडच्या रानात पाय ठेवत नाहीत, ते पडीक पडलंय. लेकरांवर ओरडतात. आधी सणासुदीला घ्यायचे, आता रोज संध्याकाळी लागते. एकदा म्हणाले, मी पण तिथंच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

गावातले म्हणायलेत, बाहेरचं झालंय. सासूबाई देवऋष्याकडं नेऊन आल्या. माझ्या भावानं मोबाईलवर जाहिरात दाखवली. पुण्याचे कुणी ऑनलाइन 'इंटिग्रेटिव्ह ट्रॉमा काउन्सेलिंग' देतात. पाच सेशनमध्ये माणूस ट्रॉमामुक्त, बारा हजार आधी भरायचे. कानातलं मोडून भरू का? का त्यांचं तेच सावरतील म्हणून थांबू?

ताई,

तुमचं पत्र वाचलं. बारा हजारांचं आणि देवऋष्याचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं त्यांचं एक वाक्य आधी घेते, 'मी पण तिथंच राहिलो असतो तर बरं झालं असतं' हे. ते एकदाच बोलले म्हणून सोडून देऊ नका. निवांत वेळ बघून, ते प्यायलेले नसताना, सरळ विचारा: "तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती मनातून काढून टाका. उलट कुणीतरी विचारलं याचं बहुतेक माणसांना हायसं वाटतं. ते हो म्हणाले, कसं करायचं हे ठरवलंय असं दिसलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. नाही म्हणाले तरी एक काम आजच उरका. पेरणीचे दिवस आहेत, फवारणीची औषधं आणि तणनाशक घरात असणार. ती सगळी उचलून भावाच्या किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा. आपल्या भागात किती जीव त्या एका घोटानं गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. मरणाची लहर पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते, त्या वेळात बाटली हाताशी नसली की माणूस वाचतो.

रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. त्यांनी लावला पाहिजे असं नाही, तुम्हीही लावू शकता.

आता त्यांना काय झालंय ते. नुसत्या पत्रावरून मी आजाराचं नाव ठेवणार नाही, ते डॉक्टरांनी समोर बसवून ठरवायचं. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकमेकींना धरून आहेत. पावसाच्या आवाजानं ती रात्र पुन्हा अंगावर येते. नदीकडचं रान, पंचनामा, तलाठी, म्हणजे त्या रात्रीची आठवण देणारं जे जे आहे ते ते टाळतात. झोप उडालीय, चिडचिड वाढलीय, शरीर सतत सावध आहे. जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर पहिले काही आठवडे असं पुष्कळांना होतं आणि बहुतेक जण घरच्यांच्या आधारानं सावरतात. महिन्याच्या पुढे टिकलं, कामधंदा आणि घर बिघडवायला लागलं, तर त्याला आघातानंतरचा मानसिक आजार म्हणून उपचार लागतो. तुमच्याकडे नऊ महिने झालेत. म्हणून 'थांबू का' या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे: थांबू नका.

हे तुमच्याच घरात घडलंय असंही समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून माणसं झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला. त्यातून वाचलेल्या काही जणांची नंतर मानसोपचार तज्ज्ञांनी तपासणी केली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांत मानसिक आजार आढळला, मुख्यतः आघाताचा नाहीतर नैराश्याचा. लातूर-धाराशिवच्या त्या पट्ट्यात दगड-मातीच्या घरात झोपायची धास्ती लोकांनी कितीतरी वर्षं काढली. त्यांना कुणाची करणी लागली नव्हती.

तुमचे मालक शेजाऱ्यांचे बैल सोडायला का जातात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गावाला तो वेडेपणा दिसला, बाहेरचं दिसलं. मला त्यात एक माणूस दिसतो, जो पावसाच्या प्रत्येक रात्री ते राहून गेलेलं काम करायला धावतो. पंचनाम्याच्या वेळी 'आमची नव्हतीच' म्हणाले, तेही त्यातलंच. ज्या गायी आपल्यामुळे मेल्या असं मनानं घेतलंय, त्यांचे पैसे कसे घ्यायचे? शिवाय हो म्हटलं असतं तर तलाठ्यापुढे ती रात्र सांगावी लागली असती. तुम्ही त्यांना कधी यावरून बोलला असाल तर ते समजण्यासारखं आहे. पैशाची गरज होतीच. पण यापुढे तो विषय त्यांच्यापुढे काढू नका.

आणि 'तुमचा काय दोष, विसरून जा' हेही म्हणू नका. प्रेमानंच म्हणता, तरी त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. त्यांच्या मनात अपराध पक्का ठरलेला आहे आणि त्याची उलटतपासणी झालेली नाही. ती नीट करणं हे प्रशिक्षित माणसाचं काम. ते कसं चालतं ते थोडं सांगते, म्हणजे आत काय होईल याची भीती राहणार नाही.

समुपदेशक त्यांना ती रात्र पहिल्यापासून, सावकाश, त्यांना झेपेल तितकीच सांगायला लावतो. पाणी कधी दिसलं. हातात बॅटरी होती का. सासूबाईंना उचलायला किती वेळ गेला. धाकट्याला खांद्यावर घेतलं तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं. परत फिरल्यावर गोठा किती पावलांवर होता आणि मध्ये ओढ किती होती. असं बारकाईनं जाताना पुष्कळदा एक गोष्ट वर येते. आज, सगळं संपल्यावर माणूस स्वतःला म्हणतो, 'मी आधीच दावी कापायला पाहिजे होती.' पण त्या वेळी पाणी किती चढणार हे त्याला ठाऊक नव्हतं. लेकरं आधी की गायी, हे ठरवायला त्याच्याजवळ काही क्षणच होते, आणि त्यानं चार माणसं वाचवली. हे दुसऱ्यानं सांगून उपयोग होत नाही. स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या आठवणीतून ते निघालं की अपराधाची पकड सैल होते. दुःख राहतं, आणि ते राहायलाच हवं. गायी घरच्या होत्या. पण ज्या दुःखात रडता येतं, त्याच्यासोबत जगता येतं.

अशी उपचारपद्धती वर्षानुवर्षं अभ्यासली गेली आहे. आघातावर लक्ष ठेवून केलेली विचार-वर्तन उपचारपद्धती आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये केली. साधारण आठ ते पंधरा भेटी लागतात, आठवड्याला एक. कुणाला कमी, कुणाला बऱ्याच जास्त.

मात्र लगेच, पहिल्याच भेटीत ती रात्र उकरायची नाही. पाऊस पडल्या पडल्या कुणी रानात औत घालत नाही, वापसा येऊ देतात. तसंच इथे. आधी झोप, दारू, जिवाची सुरक्षितता आणि घरातलं भांडण एवढं आटोक्यात यायला हवं. मग आठवणीचं काम. आणि त्यानंतर रान, दूध, गाव, पाहुणे यांत परत जाणं. पाहुणे आले की 'त्या रात्री काय झालं ते सांग की' म्हणून बसवतात, तेही थांबवा. संकटानंतर माणसाला एकदा बसवून सगळं ओकायला लावल्यानं आजार टळत नाही, काहींचा त्रास वाढतो, असं संशोधनात दिसलंय. पारावरच्या चौकशीपासून त्यांना वाचवणं तुमच्या हातात आहे.

आता तुमचा 'इंटिग्रेटिव्ह' वाला प्रश्न. त्यात तथ्य आहे. समुपदेशनाच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. काही विचारांवर काम करतात, काही शरीरावर, काही नात्यांवर. एकाच पद्धतीचा हट्ट न धरता, समोरच्या माणसाला काय लागतं ते बघून त्या एका आराखड्यात आणायच्या, याला इंटिग्रेटिव्ह, म्हणजे एकात्मिक समुपदेशन म्हणतात. तुमच्या मालकांना असंच काहीतरी लागेल. झोपेचं आणि दारूचं डॉक्टरांनी बघायचं. आठवणीचं समुपदेशकानं. एखाद-दुसऱ्या भेटीत तुम्हाला आणि सासूबाईंनाही बोलवायचं. पडीक रान आणि बुडालेला दूधधंदा हाही उपचाराचाच भाग धरायचा, कारण रोज खव्याच्या भट्टीला दूध घालणाऱ्या माणसाची पहाट रिकामी झाली की आजाराला जागा मिळते. हे सगळं करणाऱ्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. ते बोलणं नसेल तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ते एकात्मिक नव्हे.

पण 'पाच सेशनमध्ये ट्रॉमामुक्त' म्हणणाऱ्याला बारा हजार देऊ नका. कानातलं ठेवा. माणूस न बघता भेटींचा आकडा आणि निकाल दोन्ही सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. आपल्याकडे समुपदेशक म्हणून पाटी कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा, देणारा चिडणार नाही. आघाताच्या उपचाराचं प्रशिक्षण कुठं घेतलं ते विचारा. जीव द्यायची भाषा निघाली तर तुम्ही काय करता, हे विचारा आणि उत्तर नीट ऐका. मागच्या जन्मात नेणारे, स्फटिक ठेवणारे, सगळ्या पद्धती एका पाकिटात बांधून विकणारे लांब ठेवा. ऑनलाइन समुपदेशन वाईट नाही, पुढे उपयोगी पडू शकेल. पण रोज दारू आणि मरणाची भाषा असलेल्या माणसाची पहिली तपासणी समोरासमोरच व्हायला हवी.

ती कुठं? धाराशिवच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. नाहीतर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरचं शासकीय महाविद्यालय आहे. सीनाकाठची माणसं बार्शी-सोलापूरकडं जातात, तर सोलापूरचं सिव्हिलही चालेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी तज्ज्ञ येतात. तुमच्याकडे कोणता दिवस आहे, ते गावच्या आशाताईंना विचारा. मराठवाड्यात शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला तो आशाताईंनाच धरून, त्यामुळे हा प्रश्न त्यांना नवा वाटणार नाही.

मालक 'मी काय वेडा आहे का' म्हणतील. 'झोपेसाठी जाऊ' म्हणा. ते खोटं नाही. झोप हीच त्यांची स्वतःची तक्रार असेल, तर तिथूनच सुरुवात करायची.

औषधाचं थोडक्यात. डॉक्टरांनी नैराश्यावरची वाटणारी गोळी लिहून दिली तर बिचकू नका, आघातावरही तीच वापरतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, मधेच बंद करायची नाही. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणून देऊ नका. आघाताच्या आजारात ती फायद्याची नाही, सवय लागते, आणि दारूवर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. तसंच, रोज पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली तर हातपाय कापणं, भास होणं, झटका येणं असं होऊ शकतं. त्यामुळे शपथ घालून, माळ घालून एका रात्रीत सोडवू नका. किती पितात ते डॉक्टरांना खरं सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली सोडवा.

घरी तुम्ही एक करू शकता. रात्री पाऊस लागला आणि ते उठले की आडवे येऊ नका, हात पकडून ओढू नका. दिवा लावा. नावानं किंवा नेहमी मारता तशी हाक मारा. आज कोणता वार आहे, कुठं आहात, लेकरं कुठं झोपलीत ते सांगा: "आज मंगळवार. आपण घरात हाव. दोघं पोरं आत झोपलीत. नदी खाली हाय." पाय जमिनीवर टेकवायला सांगा, हातात गार पाण्याचा तांब्या द्या. डोळे उघडेच राहू द्या. श्वास सोडताना जरा लांबवायला सांगा. प्राणायाम चांगला, पण डोळे मिटून श्वास रोखला की आघात झालेल्या काही जणांची घाबरगुंडी वाढते, म्हणून तो शिकवणाऱ्याला आधी कल्पना द्या. बैलवाल्या शेजाऱ्यांनाही एकदा नीट सगळं सांगा. पावसाळा पुढे आहे, रात्री हे त्यांच्या गोठ्यात दिसले तर त्यांनी काठी न घेता तुम्हाला हाक मारावी, एवढं ठरवून ठेवा.

देवऋष्याचं. सासूबाईंवर रागावू नका, लेकाच्या काळजीनं नेलं त्यांनी. उतारा टाकला, अंगारा लावला, त्यानं बिघडलं नसेल तर त्यावरून घरात नवी लढाई नको. मारणं, उपाशी ठेवणं, धूर देणं, गोळ्या बंद करायला लावणं यातलं काही झालं तर मात्र तिथंच थांबवा. अमानुष अघोरी प्रथांना महाराष्ट्रात २०१३ पासून कायद्यानं बंदी आहे. देव सोडा असं मी म्हणत नाही. तुळजापूरला जायचे असतील, भजनाला बसायचे असतील, तर जाऊ द्या, चार माणसांत त्यांचं बसणं-उठणं सुरू राहील. सासूबाईंनाच दवाखान्याच्या पहिल्या भेटीला सोबत न्या. आईनं 'चल' म्हटलं की लेक निघतो.

मदतीच्या पैशाचं मालकांना मधे न घेता बघा. तुमच्याकडे पूर आला तेव्हा आपत्तीत दगावलेल्या दुधाळ जनावरामागे ३७,५०० रुपये आणि वासरामागे २०,००० रुपये असा मदतीचा दर होता. उशीर झालाय, मिळेलच असं सांगत नाही. पण गावचे साक्षीदार आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे काही नोंद असेल तर ती घेऊन भावासोबत तहसीलला अर्ज द्या आणि पोच घ्या. नवीन गाय इतक्यात दारात आणू नका. ती कधी आणायची आणि कुठं बांधायची, हे मालकांना ठरवू द्या.

आणि तुम्ही? सगळं पत्र त्यांच्याविषयी आहे. 'पहाटेपर्यंत हंबरत होत्या' हे तुम्हीही ऐकलंय, लेकरांनीही. तुमच्या झोपेचं, भुकेचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. ते डॉक्टरांसमोर बसतील तेव्हा पाच मिनिटं तुमच्यासाठी मागून घ्या. मुलं ढगाला घाबरतात का, अंथरुण ओलं करतात का, शाळेत गप्प झालीत का, हेही सांगा. बापाचं ओरडणं त्यांना लागतंय. 'बाबांना त्या रात्रीचा त्रास होतोय, तुमच्यावर राग नाही, आपण औषध करतोय' एवढं त्यांना आजच सांगा.

सप्टेंबर जवळ येईल तसा त्यांचा त्रास वाढेल. वर्ष भरताना असं होतं, उपचार चालू असले तरी होतं, त्यानं घाबरून उपचार सोडू नका. घट बसायच्या आठवड्यात भाऊ मुक्कामाला येतो का विचारून ठेवा, आणि त्या आठवड्यातली डॉक्टरांची भेट आधीच ठरवून घ्या. आज जून आहे. पहिला केसपेपर या आठवड्यात निघाला, तर तोवर त्यांच्या आठ-दहा भेटी होऊ शकतात.